मुखदुर्गंधीचे दायित्व

वेरूळच्या डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन परंपरांची 34 लेणी एकमेकांना लागून कोरलेली आहेत, आणि सहिष्णुतेचे उदाहरण म्हणून त्यांचा गौरव इतक्या वेळा होतो की, या परंपरांमधील मतभेद किती खोल होते याचा त्या कौतुकात विसर पडतो. हे मतभेद आत्मा आणि ईश्वर यांपुरते मर्यादित नव्हते. सकाळी दात घासावेत की घासू नयेत, याविषयीही तिघांची उत्तरे निराळी होती. ज्याच्या तोंडाला सतत वास येतो त्याच्या बाबतीत दायित्व कोणाचे, हा प्रश्न त्या उत्तरांच्या मुळाशी आहे.

विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या पाली ग्रंथसमूहात, भिक्षूंना दंतकाष्ठाची (दात घासण्याच्या काडीची) अनुज्ञा दिलेली आहे आणि ती न वापरल्यास होणाऱ्या पाच हानींमध्ये मुखदुर्गंधी स्पष्टपणे मोजलेली आहे. त्याहून बोलका आहे तो लसणाचा प्रसंग. लसूण खाल्लेला एक भिक्षू, इतरांना त्रास नको म्हणून, धर्मोपदेशाच्या वेळी दूर जाऊन बसला, तेव्हा ज्या पदार्थामुळे उपदेशाला मुकावे लागते तो खावा काय, असा बुद्धांचा प्रश्न होता. मात्र पुढे आजारपणात औषध म्हणून लसूण घेण्यास मोकळीक मिळाली. येथे वास हे पाप ठरत नाही, तो माणसाला संघापासून तोडतो एवढेच त्याचे वाईट. वेरूळच्या पाचव्या लेण्यातील लांबलचक दगडी बाकांवर भिक्षू समोरासमोर बसत असतील, ही कल्पना केली की या नियमांमागचे व्यवहारज्ञान लगेच पटते. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग तर लिहितो की, मुखशुद्धी न करता वंदन झाल्यास करणारा आणि स्वीकारणारा असे दोघेही दोषी ठरतात.

हिंदू धर्मशास्त्रात दंतधावन हे नित्यकर्म, म्हणजे रोज न चुकता करावयाचे कृत्य असले, तरी प्रतिपदा, अमावास्या, श्राद्ध, उपवास अशा दिवशी काडीने दात घासणे निषिद्ध मानून त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा सांगितल्या आहेत, यावरून तेथे आरोग्यापेक्षा शौचाला, म्हणजे कर्मासाठी लागणाऱ्या शुद्धतेला अधिक महत्त्व होते हे दिसते. ही चौकट रुग्णाला जाचक ठरते, कारण शुद्धतेच्या भाषेत वास म्हणजे आचारातील ढिलाई. चरकसंहिता या बाबतीत अधिक मोकळी आहे: जिभेच्या मुळाशी साचणारा मळ दुर्गंधीला कारण होतो, असे सांगून ती जीभ खरवडण्यासाठी धातूची पट्टी सुचवते.

तिसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंतची लेणी दिगंबर जैनांची आहेत, आणि दिगंबर मुनीच्या 28 मूलगुणांमध्ये (पायाभूत व्रतांमध्ये) अदंतधावन, म्हणजे दात न घासणे, हे एक आहे. त्यांपैकी इंद्रसभा या लेण्यातील बाहुबलीच्या मूर्तीच्या अंगावर वेली चढल्या आहेत तरी तो ढळत नाही. देहाविषयीची हीच उदासीनता या व्रतामागे आहे. ते मुनींसाठी आहे, गृहस्थांसाठी नव्हे, हे टीकाकार सहसा ध्यानात घेत नाहीत. गृहस्थाला सांगितलेली गोष्ट निराळी: सम्यग्दर्शनाच्या, म्हणजे यथार्थ श्रद्धेच्या, आठ अंगांपैकी निर्विचिकित्सा हे अंग मुनीच्या मलिन देहाची किळस न करण्यास शिकवते. बौद्धांनी जे दायित्व तोंडाच्या मालकावर टाकले, ते येथे नाक असलेल्यावर येते.

दोन्ही भूमिका एकत्र आल्याशिवाय या व्याधीचा उलगडा होत नाही, कारण ज्याच्या तोंडाला वास येतो त्याचे नाक त्या वासाला सरावलेले असते. दुसऱ्याने सांगितल्याखेरीज त्याला कळत नाही, आणि दुसरा सांगत नाही. तो फक्त मागे सरतो. लवंग, वेलदोडा, बडीशेप हे उपाय वास तेवढ्यापुरता झाकतात, आणि मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दात स्वच्छ करते या समजुतीपायी तर हिरड्यांचे आणखीच नुकसान होते. बहुतेक रुग्णांत कारण तोंडातच असते: जिभेच्या मागच्या भागात आणि हिरड्यांच्या कडेच्या फटींत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथील जिवाणू अन्नातील व लाळेतील प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू सोडतात. म्हणून पोट साफ करण्याच्या औषधांवर पैसे घालवण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जाणे शहाणपणाचे. दातांवरचे किटण काढणे, किडलेल्या दातांवर उपचार करणे आणि रोज जीभ घासणे, एवढ्यानेच पुष्कळांचा प्रश्न सुटतो. उरलेल्यांच्या बाबतीत टॉन्सिल, नाकाची पोकळी किंवा मधुमेह यांकडे पाहावे लागते. वास मुळीच नसताना तो असल्याच्या भीतीने झुरणारेही काही असतात, आणि त्यांची समजूत घालणे हे दात साफ करण्याहून अवघड काम आहे.

दातांची तपासणी करायची तर वेरूळहून सुमारे 30 किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात, शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. श्वासातील हे गंधकयुक्त वायू मोजणारी यंत्रे निघाली असली, तरी या व्याधीच्या निदानात प्रमाण मानली जाणारी पद्धत अद्याप साधीच आहे: रुग्ण तोंड उघडून श्वास सोडतो, डॉक्टर आपले नाक त्याच्याजवळ नेऊन तो वास हुंगतो, आणि तीव्रतेनुसार शून्य ते पाच असा अंक मांडतो.