न बांधलेले घर आणि दिलेला शब्द



आपल्या नगर जिल्ह्यात व्यापारी फुलोरा पाहून फळबाग उक्ती घेतो. पुढे गारपीट झाली तर नुकसान त्याचे. ते गृहीत धरूनच त्याने भाव ठरवलेला असतो. आपली मुले नगरला किंवा पुण्याला फ्लॅट बुक करतात, तेव्हाही जागेवर बहुधा पायाचा खड्डाच असतो. मग घर वेळेवर मिळाले नाही, तर तेही गारपिटीसारखे नशीब म्हणून सोसायचे का?

प्राचीन रोमन कायदेपंडितांनी इथे एक भेद केला होता. कोळ्याच्या जाळ्यात जे येईल ते घेण्याचा सौदा म्हणजे आशेची खरेदी; जाळे रिकामे आले तरी पैसे द्यावे लागतात. पण पुढे तयार होणाऱ्या वस्तूची खरेदी वेगळी. वस्तू झालीच नाही, तर किंमतही देणे लागत नाही. फ्लॅट या दुसऱ्या प्रकारात मोडतो. गारपीट कोणाच्या हाती नसते. बांधकाम मात्र बिल्डरने आपणहून अंगावर घेतलेले असते. आपण पैसे मोजतो ते त्याच्या शब्दावर.

महाराष्ट्रात या शब्दाला १९६३ च्या मोफा कायद्याने आधार दिला. २०१६ चा रेरा कायदा पुढे गेला, आणि २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण काम पाहत आहे. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशांतील ७० टक्के त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा घरासाठी थांबून दरमहा व्याज मागू शकतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी सक्तीची नाही. तिथेही ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. २०१८ साली मुंबईच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खरेदीदाराला अनिश्चित काळ थांबवून ठेवता येत नाही. करारात मुदत नसेल तर तीन वर्षे वाजवी मानावीत.

तरीही पुष्कळांच्या मनात शंका असते: क्षमा करायला शिकलेल्या माणसाने तक्रार करावी का? बिल्डर ओळखीचा, नात्यातला किंवा आपल्याच समाजाचा असला की ही शंका अधिकच बोचते. आम्हांला वाटते, क्षमा रागाला आवर घालते. ती देणे फेडून टाकत नाही. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणाऱ्या कुटुंबात मुलांचाही वाटा अडकलेला असतो, आणि तो सोडून देण्याचा अधिकार एकट्या बापाला नसतो. आपण गप्प बसलो तर उद्या आणखी कोणी त्याच खड्ड्यापाशी पैसे मोजील. म्हणून तक्रार जरूर करावी. मात्र द्वेष धरू नये, आणि खोटे एक अक्षरही लिहू नये.

न्याय दोन्ही बाजूंनी असतो. हप्ते वेळेवर भरणे हे आपलेही कर्तव्य आहे. प्रामाणिक अडचण आणि लबाडी यांत फरक करायला हवा. स्टॅम्प ड्युटी वाचावी म्हणून काही रक्कम रोखीने देण्यास आपणच तयार होतो, तेव्हा खोट्याचा पहिला दगड आपण रचलेला असतो. पुढे त्या रकमेची पावती दाखवता येत नाही.

यिर्मयाने अनाथोथचे शेत विकत घेतले, तेव्हा यरुशलेमला शत्रूचा वेढा पडला होता. आपल्या लोकांना तिथे पुन्हा घरे आणि शेते मिळतील, हा त्याचा विश्वास होता. तरीही त्याने खरेदीखत लिहिले, मोहर केली, साक्षीदार घेतले, १७ शेकेल रुपे तोलून दिले आणि कागद मातीच्या भांड्यात जपून ठेवायला सांगितले. देवावर एवढा भरवसा असणाऱ्याला कागद करण्यात कमीपणा वाटला नाही. आपणही शब्दावर विश्वास जरूर ठेवावा, पण तो शब्द आधी कागदावर वाचून घ्यावा.