मेलं का एखादं?

धारूरजवळ बालाघाटाच्या उतारावर एका आबांची सीताफळाची बाग आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तशी आबांची बागेवरची माया वाढली आणि फवारेही वाढले. पिठ्या ढेकूण दिसला की पंप पाठीवर. लेबलवरच्या मापाच्या वर आणखी एक झाकण. फळ मात्र दरसाल विरळच धरत होतं.

दिवाळीला परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी नात आली. तिने बांधावरची, कधी औषध न लागलेली माती आणली. पसरट डब्यात मधोमध पुठ्ठा उभा केला. एका अंगाच्या मातीत नुसतं पाणी मिसळलं, दुसऱ्या अंगाला आबांच्या पंपातलं. मग पुठ्ठा काढून त्या रेघेवर गांडूळखताच्या वाफ्यातली दहा गांडुळं सोडली. प्रयोगशाळेतही असंच करतात आणि ४८ तास थांबतात.

दोन दिवसांनी नऊ गांडुळं साध्या मातीत होती.

"मेलं का एखादं?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा."

"मग झालं तर! औषध किडीला हाय, गांडुळाला न्हाई."

असं वाटणारे आबा एकटे नाहीत. गांडुळांवरची १९८४ सालची आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणी चौदा दिवसांत किती मेली, एवढंच मुख्यतः मोजते. जगलेल्यांचा वंश वाढतो का, हे पाहायला पुढे ५६ दिवसांची चाचणी आली. चार आठवड्यांनी मोठी गांडुळं काढायची, आणखी चार आठवड्यांनी पिल्लं मोजायची.

नातीने दोन निराळे डबे भरले, एक साधा, एक औषधाचा. "शेण घाला, ओल राखा. संक्रांतीला येते."

आबांनी डबे रांजणाशेजारी सावलीत ठेवले आणि लेकरांसारखे सांभाळले. संक्रांतीला दोघांनी माती चाळली. साध्या डब्यात पिल्लांची नुसती वळवळ. दुसऱ्यात शोधून शोधून तीन.

"पोरी, आन् फुलातले ते बारीक भुंगेरे गं?"

प्रश्न नेमका होता. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो, पराग मागाहून सुटतो. एका फुलाचा पराग दुसऱ्यात पोचवतात ते हेच भुंगेरे. मधमाशी इथे फारशी उपयोगी पडत नाही. आणि आबा ऐन बहरात फवारत आले होते.

पुढच्या हंगामात त्यांनी खोडांना चिकट पट्ट्या बांधल्या, व्हर्टिसिलियम बुरशीचं द्रावण वापरलं, बहरात पंपाला हात लावला नाही. तरी चार झाडांचा पिठ्या हटेना, म्हणून ते दुकानात गेले.

"हे घ्या आबा, जालीम आहे. एका फवाऱ्यात साफ."

"गांडुळाला पिल्लं होतात का ह्यानं?"

दुकानदार बघतच राहिला.

"एकच बाटली दे. आधी डब्यात घालतो. छप्पन्न दिसांनी सांगतो, आणखी लागंल का ते."