मुक्या जनावराची खाज

रंकाळ्याच्या कांठीं सायंकाळीं फिरावयास येणाऱ्या आमच्या मंडळींत एक वकील मित्र आहेत. परवां बोलतां बोलतां आम्हीं त्यांस सांगितलें कीं, कुत्र्यामांजरांच्या त्वचारोगांस आयुष्य वाहणारे पंडित पाश्चात्य विद्यापीठांत आहेत आणि त्यांच्या विद्येस स्वतंत्र शाखेची प्रतिष्ठा मिळाली आहे. वकीलसाहेब मोठ्यानें हंसले. "डोंगरांतल्या वाड्यांवर माणसाला डॉक्टर मिळत नाहीं, आणि कुत्र्याच्या खाजेला प्रोफेसर! धन्य आहे," असें म्हणून त्यांनीं शेंगांचा पुडा पुढें केला.

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. करुणेची शिदोरी अमर्याद नसते. ती कोणापुढें आधीं सोडावी हा नीतिशास्त्रांतला जुना प्रश्न आहे. पण शेंगा सोलतां सोलतां आमच्या मनांत जें आलें तें शास्त्रांतलें नव्हतें. आम्हांस मोत्या आठवला.

मोत्या आमच्या घरीं नऊ वर्षें होता. दोन वर्षांचा असतां एका पावसाळ्यांत तो पायांचे पंजे चाटूं लागला. पुढें कान, कांखा, पोट. रात्रभर त्याचा मागचा पाय फरशीवर आपटे. प्रथम कडुनिंबाचा पाला झाला. नंतर कोणा हितचिंतकाच्या सांगण्यावरून मोटारीचें जळकें तेल आम्हीं, विद्यापीठाची पदवी घेतलेल्या माणसानें, स्वहस्तें त्याच्या अंगास चोपडलें. तें चाटून त्याला ओकाऱ्या झाल्या. शेवटीं एका डॉक्टरांनीं इंजेक्शन दिलें. दुसऱ्या दिवशीं खाज बंद! आम्ही त्यांची तारीफ करीत सुटलों. तीन आठवड्यांनीं खाज परत, इंजेक्शन परत. असें दोन वर्षें चाललें. मोत्या घटाघटा पाणी पिऊं लागला, पोट सुटलें, केस विरळ झाले. तें औषध स्टेरॉइडचें होतें आणि हीं त्याच्याच अतिरेकाचीं लक्षणें होतीं, हें आम्हांस फार उशिरां कळलें. औषध थांबलें तशी खाज पुन्हां आली, आणि मग आम्हीं त्याला रात्रीं परसांत बांधावयास सुरुवात केली. कारण त्या आवाजानें आमच्या वाचनांत व्यत्यय येई. त्या रात्रीं आम्ही नीतिशास्त्रावरील व्याख्यानांचीं टिपणें काढीत होतों.

मोत्यास बहुधा काय झालें असावें तें आज सांगतां येतें. घरच्या धुळींतले डोळ्यांस न दिसणारे किडे, परागकण, बुरशी, पिसवांची लाळ, क्वचित् अन्नांतील एखादें प्रथिन: ह्या वस्तु इतरांस फारशा बाधत नाहींत. पण कांहीं जनावरांचें शरीर त्यांस शत्रु समजून त्यांच्यावर तुटून पडतें, आणि ह्या भलत्याच रणाची भूमि होते ती त्वचा. ह्या विपरीत वृत्तीस ॲलर्जी हें नांव व्हिएन्नाच्या पिर्के यांनीं 1906 सालीं दिलें. माणसाप्रमाणें कुत्र्यासही ती ऋतुमानानें जडते हें अमेरिकेंतील विटिच नांवाच्या डॉक्टरांनीं 1941 सालीं नोंदविलें. पुढें ह्या विकाराच्या मुळाशीं असलेलें प्रतिद्रव्य कुत्र्याच्या रक्तांत दाखविणाऱ्यांत रिचर्ड हॅलिवेल हे इंग्रज पशुवैद्य प्रमुख होत. पेनसिल्व्हेनिया, फ्लॉरिडा, एडिंबरो अशा विद्यापीठांतून त्यांनीं आपली विद्या पिसवांच्या चाव्यावर आणि कुत्र्यांच्या खाजेवर खर्ची घातली.

ह्या लोकांची रीत चिकाटीची आहे. आधीं खरूज व पिसवा नाहींत याची खात्री. मग सुमारें आठ आठवडे पूर्वीं कधीं न खाल्लेलें अन्न, मध्यें बिस्किटाचा तुकडाही नाहीं. मग कातडींत नाना द्रव्यांचे थेंब टोंचून कोठें गांधी उठते तें पाहणें. आणि त्याच द्रव्याचे वाढते अंश महिनोगणती देऊन शरीरास सहनशील करणें. गुण कधीं वर्षानें येतो, कांहींस येतच नाहीं. 2013 सालीं अमेरिकेंत ओक्लासिटिनिब नांवाच्या गोळीस मान्यता मिळाली. तिनें खाज लवकर थांबते, रोग जात नाहीं. ज्या रोगानें रोगी सहसा मरत नाहीं आणि जो सहसा पुरता बराही होत नाहीं, त्याच्यापाशीं हयात काढणें आम्हांस तरी साधलें नसतें.

खरा नैतिक पेंच पुढेंच आहे. रोगी मुका, साक्ष मालकाची. आणि मालकाची तक्रार कोणती? झोंप मोडते, घराला वास येतो. कुत्रें स्वस्थ पडलें कीं त्याचें समाधान होतें. तें सुखानें स्वस्थ आहे कीं औषधानें खंगून, हें तो विचारीत नाहीं. आम्हीं विचारलें नव्हतें. फी देणारा एक आणि ज्याच्याशीं इमान राखावयाचें तो दुसरा, अशा कात्रींत हा वैद्य रोज सांपडतो. अर्भकाच्या वैद्याचीही हीच स्थिति. पण अर्भक मोठें होऊन जाब विचारूं शकतें.

शिवाय एक जुनें कर्ज आहे. 1902 सालीं फ्रान्समध्यें शार्ल रिशे व पोर्तिए यांनीं नेपच्यून नांवाच्या धडधाकट कुत्र्यास एका समुद्री प्राण्याच्या विषाची दुसरी मात्रा टोंचली. पहिली त्यानें पचविली होती. दुसरीनें तो 25 मिनिटांत मेला. त्या मरणांतून जें ज्ञान निघालें त्यासाठीं रिशे यांस 1913 चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि आज मधमाशी डसून घुसमटणारा माणूस वांचतो तो त्याच ज्ञानाच्या आधारें. वकीलसाहेबांच्या जमाखर्चांत नेपच्यूनचें खातें कोणत्या पानावर आहे? कुत्र्याच्या देहावर शिकलेली विद्या कुत्र्याच्या कातडीकडे वळली तर त्यास दानधर्म म्हणावें काय?

तरीही वाड्यांवरच्या डॉक्टराचा प्रश्न ह्यानें मिटत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचें. पण तेथवर जाणें, आठ आठवड्यांचें पथ्य, महाग गोळी हें सर्व प्रत्येकानें करावें असें आम्ही म्हणणार नाहीं. मोत्याला जळकें तेल न लावण्यास मात्र पैसा लागत नव्हता. परसाचें दार उघडण्यासही नव्हता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वकीलसाहेबांस मोत्याची हकीकत सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग घसा खांकरून म्हणाले, "घरच्या मांजरानें मानेवरचे केस ओरबाडून काढले आहेत. पंधरा दिवस गच्चीवर ठेवलें आहे त्याला. कोणाकडे न्यावें?"