वेळच्या वेळी थेंब

जालन्याच्या बसस्थानकावर सकाळच्या वेळी एखादी आजी हमखास दिसते. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, डोक्यावर घट्ट पदर आणि शेजारी पिशवी सांभाळणारी सून किंवा नातू. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ही मंडळी गावाकडे निघालेली असतात. कुणी अंबडकडचं, कुणी मंठ्याचं, कुणी भोकरदनचं, कुणी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं. पिशवीत थेंबांच्या बाटल्या असतात आणि ते कधी घालायचे याचा एक कागद. नातू तो कागद गाडी लागेपर्यंत दोनदा तरी वाचतो. ऑपरेशनला फारसा वेळ लागत नाही, पण थेंब मात्र महिना-दीड महिना चालतात. आधी दिवसातून बऱ्याच वेळा, मग हळूहळू कमी. हात साबणानं धुवायचे. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं. डोक्यावरून अंघोळ नाही, चुलीच्या धुरापुढे बसणं नाही. सकाळी शाळेला जाण्याआधी नात थेंब घालते, दुपारी शेतातून आल्यावर सून घालते, रात्री मुलगा घालतो. दवाखान्यानं आपलं काम चोख केलेलं असतं. तिथून पुढे आजीचा डोळा या तिघांच्या हातात असतो. एवढी मोठी जबाबदारी घरातली माणसं कुठलाही गाजावाजा न करता उचलतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

यातले कितीतरी जण श्री गणपती नेत्रालयातून आलेले असतात. हे नेत्रालय जालन्यात उभं राहिलं ते बद्रीनारायण बारवाले यांच्यामुळे. बारवाले १९३१ साली हिंगोलीत जन्मले आणि जालन्यात वाढले. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यात त्यांनी तरुणपणीच उडी घेतली होती. १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. ज्वारी, बाजरी, कपाशीचं संकरित बियाणं इथून देशभर गेलं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण, आणि २०१७ मध्ये ते गेले. मिळवलेल्या पैशातला मोठा वाटा त्यांनी आपल्याच भागातल्या माणसांच्या डोळ्यांसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी लावला. मुंबई-दिल्लीत नाव होण्यासारखं खूप काही करता आलं असतं. त्यांनी नेत्रालय बांधलं ते मात्र जालन्यात, जिथल्या म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांसाठी लांबच्या शहरात जाणं परवडत नव्हतं. मला वाटतं, बियाण्याच्या धंद्यानंच त्यांना एक गोष्ट शिकवली असणार: दिलेलं फळाला येतं ते घेणाऱ्याच्या रोजच्या कामामुळे. कपाशीच्या सीड प्लॉटमध्ये कंपनी फक्त मूळ बियाणं देते. पुढचं सगळं शेतकऱ्याच्या घरावर असतं. संध्याकाळी एकेक कळी उघडून तिच्यातले पुंकेसर काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तिला लावायचा. याला आपल्याकडे क्रॉसिंग म्हणतात, आणि बहुतेक ते बायकाच करतात. वेगळं दिसणारं झाड आढळलं की भेसळ म्हणून उपटून टाकायचं. एक सकाळ चुकली तर आदल्या संध्याकाळच्या कळ्या वाया जातात. कंपनीच्या नावाची पिशवी बाजारात जाते, पण तिच्यातला एकेक दाणा अशा रोजच्या सकाळ-संध्याकाळींतून आलेला असतो.

जालना आज बियाण्यांइतकंच सळ्यांसाठीही ओळखलं जातं. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि घरं बांधायच्या सळ्या होऊन बाहेर पडतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग या पोलादनगरीतही असंच एक मोठं नाव होऊन गेलं, अँड्र्यू कार्नेगी. १८४८ मध्ये बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा आईवडिलांबरोबर स्कॉटलंडमधून तिथे आला आणि आठवड्याला सव्वा डॉलरहूनही कमी पगारावर कापडगिरणीत लागला. गावातले एक सद्गृहस्थ, कर्नल जेम्स अँडरसन, दर शनिवारी आपल्या घरची पुस्तकं कामकरी मुलांना वाचायला देत. पुस्तकं चारशेच्या आसपास होती. शनिवार मात्र चुकत नसे. त्या पुस्तकांवर वाढलेल्या मुलानं पुढे पोलादाचं साम्राज्य उभं केलं, १९०१ मध्ये ते ४८ कोटी डॉलरला विकलं आणि जगभर अडीच हजारांच्या आसपास ग्रंथालयं बांधायला पैसा दिला. त्यांच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ साली मजुरीवरून संप झाला, गोळ्या सुटल्या, माणसं मेली. हे सांगितल्याशिवाय त्यांच्या दानाबद्दल बोलू नये. पण त्यांच्या दानाची एक अट मला फार शहाणपणाची वाटते. इमारतीचे पैसे मी देतो, जागा गावानं द्यावी, आणि इमारतीला जेवढा खर्च येईल त्याचा दहावा हिस्सा गावानं दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी खर्च करावा. म्हणजे दहा हजार डॉलरची इमारत हवी असेल तर दरवर्षी हजार डॉलर गावाचे. काही गावांना हे जड वाटलं आणि त्यांनी देणगीच नको म्हणून कळवलं. ज्यांनी मान्य केलं, त्यांना दर वर्षी हात खिशात घालावा लागला. पुस्तकं घ्या, दिवे लावा, ग्रंथपालाला पगार द्या, छत गळलं तर बघा. दरवर्षी पैसे मोजणाऱ्याला ते ग्रंथालय परकं कसं वाटेल?

पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक नावाचं गाव आहे. अमेरिकेतलं पहिलं कार्नेगी ग्रंथालय १८८९ मध्ये तिथे उघडलं. तळघरात न्हाणीघर होतं, म्हणजे कारखान्यातून काजळी माखून आलेल्या कामगाराला स्वच्छ होऊन वर वाचायला जाता यावं. पुढे पोलादाचे दिवस फिरले, माणसं गाव सोडून गेली, वीस हजारांची वस्ती दोन हजारांच्याही खाली आली. १९७४ मध्ये ग्रंथालयाला कुलूप लागलं आणि इमारत पाडायचं घाटू लागलं. ती वाचवली डेव्हिड सॉलोमन नावाच्या गृहस्थांनी. ते तिथले शेवटचे ग्रंथपाल होते. त्यांनी गावातली माणसं गोळा केली, इमारत पडू दिली नाही, आणि काही वर्षांनी मुलांच्या खोलीपासून सुरुवात करून ग्रंथालय पुन्हा उघडलं. कार्नेगींचं नाव जग घेतं. सॉलोमन यांचं नाव त्यांच्या गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. तरीही ते ग्रंथालय टिकलं ते दोघांमुळे, आणि मला विचाराल तर दुसऱ्याचं काम अधिक चिकाटीचं होतं. आपल्यातल्या बहुतेकांच्या हातून नेत्रालय किंवा ग्रंथालय बांधून होणार नाही. पण कुणीतरी दिलेलं आपल्या हाती रोज येतं. शाळेतला माजी विद्यार्थ्यांनी दिलेला बाक, चौकातला पाण्याचा फिल्टर, देवळामागे कुणी लावलेलं झाड, दवाखान्यातली चाकाची खुर्ची, वाचनालयातलं पुस्तक. देणाऱ्यानं एकदाच दिलं. ते टिकवायचं काम रोजचं आहे, आणि ते आपल्याला सहज जमण्याजोगं आहे. नळ गळत असेल तर तो बंद करणं किंवा कुणाला तरी सांगणं. खुर्ची वापरून झाली की जागेवर ठेवणं. झाडाला उन्हाळ्यात बादलीभर पाणी. आज कामाला निघताना अशी एकच वस्तू मनात ठरवा, तुमच्या वाटेवरची. तिच्यासाठी पाच मिनिटं पुरतात. आणि काही सुचलंच नाही, तर गावातल्या वाचनालयाची थकलेली वर्गणी येताना भरून टाका, घरात महिनोन्महिने पडून राहिलेलं त्यांचं पुस्तकही परत करा. ते पुस्तक दुसरं कुणीतरी मागून गेलेलं असेल.