न्याय की सूड?



२३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला, तेव्हा बदलापुरात मिठाई वाटली गेली. सिंदी मेघेत टीव्हीसमोर बसलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या मनातही ‘बरे झाले’ असेच आले.

दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची आपल्याला आलेली चीड योग्यच होती. परंतु न्यायालयाने त्याला दोषी ठरवले नव्हते. त्याने पिस्तूल हिसकावल्यामुळे स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्यावर शंका घेतली.

त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील चकमकींच्या खटल्यात १६ नियम घालून दिले होते. अशा मृत्यूचा गुन्हा नोंदवावा व स्वतंत्र तपास व्हावा, हे त्यांत आहे. २००६ साली लखन भैयाला वाशीहून उचलून नेले व चकमकीत मेल्याचे दाखवले. न्यायालयाने तो खून ठरवून पोलिसांनाच जन्मठेप दिली.

घटनेच्या २१ व्या कलमाने कोणालाच वगळलेले नाही. ऐकून घेतल्यावाचून निवाडा करू नये, असे निकदेमानेही परुश्यांना बजावले होते.

कोर्टात उशीर होतो, हे खरे. तो दूर व्हावा, अशी मागणी आपण जरूर करू या. पण गोळीची चूक दुरुस्त होत नाही, आणि खरा गुन्हेगार दुसराच असेल तर तो मोकळा राहतो.

आज त्या मुलींसाठी प्रार्थना करताना, त्या मेलेल्या माणसासाठीही आपले हात जोडले जातील का?