पद मागावे की टाळावे?

गावोगावी डोंगर, पाणवठे आणि झाडे राखणारे गट उभे राहू लागले आहेत. 2002 चा जैवविविधता कायदा आणि त्याचे नियम तर सांगतात की, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने गावातील झाडेझुडपे, जीव व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंदवही करावी. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावरच राहते. पुढारपण कोण घेणार, असे विचारताच बैठक गप्प होते. त्या वेळी आपल्यातील एखादा जाणता तरुण स्वतःशी म्हणतो, पद मागणे इस्लामला पसंत नाही. मग मीच का पुढे व्हावे?

त्याचे म्हणणे निराधार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना अधिकारपद मागू नये असेच समजावले होते. मागून घेतले तर माणूस त्याच्याच हवाली केला जातो आणि न मागता मिळाले तर अल्लाहची मदत लाभते, असा त्या उपदेशाचा आशय आहे. परंतु दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये आपल्याला काय दिसते? हजरत यूसुफ (अ.) राजाकडे स्वतःहून देशाची कोठारे मागतात. दुष्काळाची सात वर्षे समोर आहेत. अशा वेळी ते आपले घराणे सांगत नाहीत, सोसलेला तुरुंगवासही सांगत नाहीत. आपण राखू शकतो आणि आपल्याला जाण आहे, एवढ्या दोनच गोष्टी ते पुढे ठेवतात. निषेध आहे तो मानाच्या हव्यासाचा. दुसरा कोणी ती जबाबदारी पेलणारा नसेल तर पुढे होणे योग्य, असे भाष्यकारांनी या प्रसंगावरून म्हटले आहे.

तेव्हा प्रश्न नम्रतेचा उरत नाही, पात्रतेचा होतो. येथे हजरत अबू जर (रजि.) यांची आठवण ठेवावी. त्यांच्या धर्मनिष्ठेविषयी कोणाला शंका असेल? तरीही त्यांनी पद मागितले तेव्हा प्रेषितांनी (स.) प्रेमाने सांगितले की ही अमानत आहे आणि तुम्ही त्यासाठी दुर्बल आहात. पहिल्या सफेत उभा राहणारा प्रत्येक जण वणवा रोखू शकेलच असे नाही, हे आम्हा इमामांनीही मान्य करावे. फाल्गुनात आग डोंगराच्या कोणत्या अंगाने चढते, जाळरेषा कोठे काढावी, कोणता पऱ्या आधी आटतो, हे ज्याला ठाऊक आहे तो जाणता.

राखणे मात्र जाणण्याहून कठीण. हजरत उमर (रजि.) यांनी राखीव कुरणावर, म्हणजे ‘हिमा’वर, हुनै नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या गुलामाला नेमले. त्याला दिलेली ताकीद सहीह बुखारीत आहे. थोडी मेंढरे, थोडे उंट असणाऱ्याला आत येऊ द्यावे, अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांच्या कळपांना मात्र रोखावे. कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्या बागा व शेते आहेत. गरिबाचा कळप मेला तर तो मुलाबाळांसह खलीफाच्या दारी येईल. ज्यांना रोखायचे ते दोघेही थोर सहाबी होते, आणि रोखणारा कालपर्यंत गुलाम!

आता आपल्या गावाकडे पाहा. झाडतोडीचा ठेकेदार मशिदीच्या बांधकामाला मोठी देणगी देणारा असू शकतो. गवतासाठी डोंगराला काडी लावणारा आपलाच मामा असू शकतो. शेजारच्या देवराईतील झाड वाचवणे आपले काम आहे का, असेही कोणी विचारील. (झाड राखणे आणि पूजेत सहभागी होणे यांत फरक आहे, आणि त्या राईतून झिरपणारे पाणी आपल्याही विहिरीत येते.) मामाला नाही म्हणण्याचे धैर्य आणि गरीब धनगराला हो म्हणण्याची दयाबुद्धी, दोन्ही आपल्यात आहेत का?

नियत पारखण्याचा एक सोपा मार्ग आहे. निवड दुसऱ्याची झाली, समजा शेजारच्या वाडीतील हिंदू बांधवाची, तर वनराई बंधाऱ्यासाठी मातीची पोती उचलायला आपण त्याच उत्साहाने जाऊ का? मन अडखळत असेल तर यंदा पोतीच उचलावीत. अडखळत नसेल तर बैठकीत उभे राहावे, आपल्याला काय येते आणि किती वेळ देता येईल ते स्पष्ट सांगावे, आणि निवड लोकांवर सोडून खाली बसावे.