सुधारणेचा नफा कोणाचा?

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोणी बंदरावर आहे, कोणी बँकेत, कोणी हॉस्पिटलात, तर कोणी बांधकामाच्या साइटवर. क्षेत्रे वेगळी असली तरी एक अनुभव सर्वांच्या ओळखीचा आहे. वर्षा-दोन वर्षांनी ऑफिसात एखादी नवी मोहीम येते. कधी तिचे नाव 'लीन' असते, कधी 'कायझेन', कधी 'एक्सलन्स'. भिंतींवर रंगीत तक्ते लागतात, चहा-सामोशांसह सेमिनार होतो आणि काम अधिक चांगले कसे करता येईल यावर चर्चा झडते. या देशात हा विषय नवा नाही. दुबईने १९९४ साली दुबई क्वालिटी अवॉर्ड सुरू केले आणि १९९७ साली सरकारी खात्यांसाठीही एक्सलन्सचा कार्यक्रम आणला. येथील सरकारी कचेरीत काम किती झटपट होते, याचे कौतुक भारतातून आलेले आपले पाहुणेही करतात.

चर्चा चांगलीच आहे. पण अशा सेमिनारमध्ये एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सुधारणेमुळे जो वेळ आणि पैसा वाचतो, तो कोणाचा? आणि ज्याने ती सुधारणा सुचवली, त्याचे पुढे काय होते? माझ्या मते हा प्रश्न मॅनेजमेंटचा कमी आणि नीतीचा अधिक आहे. उत्सवाच्या निमित्ताने त्यावर थोडे बोलावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

'लीन' म्हणजे सडपातळ, अंगावर फाजील चरबी नसलेला. १९८८ साली जॉन क्रॅफिक यांनी हा शब्द रूढ केला, पण पद्धत मूळची जपानच्या टोयोटा कंपनीची. तेथील ताईची ओहनो यांनी कामात वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची नाहक ने-आण, नको इतके सोपस्कार, पडून राहिलेला साठा, कामगाराची अकारण हालचाल आणि सदोष माल. ही यादी वाचकांनी पुन्हा एकदा वाचावी. तिच्यात माणूस कुठेच नाही. वाया जाते ते काम, माणूस नव्हे. उलट माणसाचे श्रम फुकट जाऊ नयेत, म्हणूनच तर ही सारी खटपट.

याच पद्धतीत आणखी एक सुंदर प्रथा आहे. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला होता. तीच कल्पना पुढे मोटारींच्या कारखान्यात आली. कामाच्या ओळीवर एक दोरी असते. काही चुकते आहे असे दिसले, की साधा कामगारही ती ओढू शकतो. त्याचा प्रमुख धावत येतो आणि दोष तिथल्या तिथे सुटला नाही, तर सारी ओळ थांबते. दोरी ओढल्याबद्दल कोणी रागवायचे नाही, हा त्यातला खरा नियम.

दुसरा विचार अमेरिकेतून आला. १९८७ साली क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील डेव्हिड कूपररायडर आणि त्यांचे भारतीय वंशाचे गुरू सुरेश श्रीवास्तव यांनी एक निबंध लिहिला. संस्थेत काय बिघडले आहे, हेच शोधत बसलो तर बिघाडच दिसत राहतो. त्याऐवजी येथे काय उत्तम चालते, कोणत्या दिवशी आपले काम सर्वात चांगले झाले आणि का, हे विचारावे, असे त्यांचे म्हणणे. याला आपण गुणग्राही दृष्टी म्हणू. घरातही ज्या मुलाला दिवसभर चुकाच ऐकाव्या लागतात ते मूल कोमेजते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही विद्यापीठावाचून ठाऊक होते.

एक पद्धत दोष शोधते, दुसरी गुण शोधते. मग खरी कोणती? येथे मला आपल्या वारीची आठवण होते. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, रथामागे कितीतरी अधिक, प्रत्येकीची जागा ठरलेली. लाखो माणसे चालतात, पण तेथे कोणी जनरल मॅनेजर नाही. मुक्कामाच्या तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंचावतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, तोडगा काढतात. त्यानंतर आरती होते.

टोयोटाची दोरी आणि दिंडीचा टाळ यांत मला एकच तत्त्व दिसते. जो दिवसभर भजनात रंगला, त्यालाच रात्री तक्रार मांडण्याचा हक्क आहे. त्याची भक्ती आणि त्याचे गाऱ्हाणे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. म्हणजे गुण पाहणे आणि दोष सांगणे ही एकाच आपलेपणाची दोन रूपे झाली. ज्याला संस्था आपली वाटते, तोच दोन्ही करतो.

आता व्यवहारात काय घडते ते पाहू. काही वर्षांपूर्वी मी एका गोदामाशी संबंधित काम करत होतो. तेथील हमालांनी एक सूचना केली. जो माल रोज जातो तो दाराजवळ ठेवावा आणि वर्षातून एकदा लागणारा मागे न्यावा, म्हणजे पायपीट वाचेल. सूचना इतकी साधी, की आपल्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा हाताशी आणि पुरणयंत्र माळ्यावर असते, तसेच. रॅक हलवले गेले, काम खरेच लवकर उरकू लागले. सूचना करणाऱ्यांचे फोटो नोटीस बोर्डावर लागले. तीन महिन्यांनी हिशेब झाला, आता एवढ्या माणसांची गरज नाही असे ठरले आणि त्याच टोळीतील दोघांना घरी पाठवण्यात आले. त्यानंतर त्या गोदामातली सूचनापेटी रिकामीच राहिली. आमच्या ओळखीचा एक बुजुर्ग हमाल एवढेच म्हणाला, "साहेब, डोकं चालवलं की पोटावर येतं."

भारतात नोकरी जाणे दुःखाचेच, पण येथे त्याचा अर्थ आणखी कठोर आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा राहण्याचा व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली, की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर परतीचे तिकीट. भाड्याचे पुढील तारखांचे चेक दिलेले असतात, मुलांचे शाळेचे वर्ष अर्धे झालेले असते, गावाकडे घराचे बांधकाम स्लॅबपर्यंत आलेले असते. २००८-०९ च्या मंदीत अशी कितीतरी कुटुंबे परतली. तक्त्यावरचा 'दोन माणसे कमी' हा आकडा प्रत्यक्षात दोन घरांचा असतो.

गुणग्राही दृष्टीलाही तिची खोट आहे. फक्त चांगलेच बोला, हा नियम झाला, की ज्याचा पगार थकला आहे तो गप्प बसतो आणि हसरे फोटो काढले जातात. उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांना दुपारची सक्तीची सुट्टी या देशाने २००५ पासून दिली. आज १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन काम बंद असते. ही सुधारणा कौतुकाच्या भाषणांतून आली नसती. ऊन बाधते, हा दोष कोणीतरी दोष म्हणून मांडावाच लागतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. ऑर्डरच नसतील तर मालकाने पगार कोठून द्यायचा? आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांचेच पाहा. १८९० पासून चाललेले काम, डब्यावर रंग आणि अक्षरांच्या खुणा, टोळीतल्या सर्वांना कमाईचा समान वाटा. त्यांच्यावर हार्वर्डच्या प्राध्यापकांनी अभ्यास लिहिला. पण मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, ऑफिसे ओस पडली आणि अनेकांना गावी परतावे लागले. त्यांच्या पद्धतीत दोष नव्हता, गिऱ्हाईकच उरले नव्हते. अशा संकटात कोणालाही कामावरून कमी करू नये, असे मी म्हणणार नाही.

पण संकटाने जाणारी नोकरी आणि सुधारणेने जाणारी नोकरी यांत फरक आहे. पहिलीत सर्वांचेच नुकसान होते. दुसरीत संस्थेला फायदा होतो आणि त्याची किंमत तो फायदा मिळवून देणारा भरतो. हा अन्याय आहे, आणि तो टाळता येतो. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक बदनाम कारखाना १९८२ साली बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो नव्या नावाने उघडला आणि कामगार बहुतांशी जुनेच घेतले. त्यांच्याच हातून उत्तम मोटारी बाहेर पडू लागल्या. १९८८ च्या सुमारास मागणी खूप घटली, तेव्हा त्यांना काढले नाही. रिकाम्या वेळात प्रशिक्षण आणि सुधारणेचे काम दिले. तो कारखानाही २०१० मध्ये बंद झालाच, कारण जगात काहीच कायमचे नसते. तरीही दिलेला शब्द कठीण दिवसांत पाळता येतो, एवढे त्यावरून कळते.

टोयोटाला देव मानण्याचेही कारण नाही. सातोशी कामाता या पत्रकाराने तेथे हंगामी कामगार म्हणून काम केले आणि १९७३ साली पुस्तक लिहून तेथील जीवघेण्या गतीचे दर्शन घडवले. मात्र १९५० साली कंपनी डबघाईला आली आणि कामगारकपात करावी लागली, तेव्हा अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी स्वतः राजीनामा दिला होता. कपातीची झळ वरून सुरू झाली, तर खालच्याला निदान न्याय तरी दिसतो.

म्हणून कोणत्याही सुधारणेला मी तीन प्रश्न विचारतो. वाचलेल्या वेळातला काही भाग तो वाचवणाऱ्याला मिळाला का? सूचना करणारा सुरक्षित राहिला का? आणि ज्याचा टाळ अजून वाजतो आहे, त्याच्याकडे कोणी गेले का? उत्तरे 'हो' असतील, तर पद्धत जपानी असो की अमेरिकन, ती धर्माची आहे.

हे प्रश्न आपल्या मंडळांनाही लागू आहेत. महाप्रसादाची रांग कशी लवकर सरकेल, याची चर्चा आपण दरवर्षी करतो. ती करताना भांडी घासायला रात्री थांबणाऱ्या भगिनींनाही विचारावे. त्यांचे काय छान झाले हे आधी विचारावे, काय चुकले हे नंतर, आणि जो वेळ वाचेल तो त्यांना आरतीला उभे राहण्यासाठी मिळावा. आपल्यापैकी पुष्कळजण आता मॅनेजरच्या खुर्चीत बसले आहेत. उद्या कोणाची तरी यादी आपल्यापुढे सहीसाठी येईल. सही करण्यापूर्वी त्या यादीतले किती जण कालच्या सुधारणेचे मानकरी होते, एवढे जरूर पाहावे. विघ्नहर्त्याने आपल्या हातून कोणाच्या वाटेत विघ्न न येवो, ही बुद्धी सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.